मधली खुर्ची

मी कवळ्या बनवते. दाताच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागे एक छोटी खोली आहे. तिथे मेणाचा वास, प्लास्टरची धूळ आणि घासायच्या मशीनची घरघर असते, आणि या सगळ्याच्या मधोमध अठरा वर्षं मी बसलेली आहे. माणसं नवी कवळी तोंडात घालतात, दोनदा चावल्यासारखं करतात आणि म्हणतात, "छान बसली हो." मला त्यांचा भयंकर राग येतो. पहिल्या दिवशी कुणाचीच कवळी छान बसत नाही, कुठेतरी टोचतेच. पण हे लोक संकोचाने छान म्हणतात, घरी जाऊन ती पाण्याच्या वाटीत टाकतात आणि सहा महिने हिरड्यांनी जेवतात. "अहो, टोचत असेल तर बोला ना! कुठे टोचतंय तेवढं सांगा, मी घासून देते," असं मी दिवसातून चारदा तरी ओरडते. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. म्हणजे पुढे मी काय दिवे लावले ते नीट कळेल.

आता दादाबद्दल. माझा मोठा भाऊ स्पीकर दुरुस्त करतो. फाटलेले पडदे, जळलेल्या तारेच्या गुंडाळ्या, कुठल्या तरी सभागृहात मुका झालेला खोका, सगळं त्याच्याकडे येतं. त्याच्या कानांबद्दल मी बोलायला लागले की वहिनी म्हणते, "झालं, आता ही आरती सुरू करणार." पण मी स्वतः पाहिलंय. एकदा आम्ही एका सभागृहात शिरत होतो, आत कुणीतरी भाषण करत होतं, आणि दादा दारातच थबकला. "डाव्या खोक्याची तार उलटी जोडलीये," तो म्हणाला. मी म्हटलं, तुला इथून दिसली? तो म्हणाला, "दिसली कशी असेल? माणूस मध्ये उभा आहे आणि आवाजाला जागाच नाही. ऐक ना." मी ऐकलं, मला काही कळलं नाही. मध्यंतरात त्याने जाऊन पाहिलं, तर तार उलटीच होती. तेव्हा मी दहा वर्षांची होते. तोंडात बोटं घालायची माझी ती पहिली वेळ, आणि त्यानंतर दादाच्या बाबतीत ती मी फारशी बाहेर काढलेलीच नाहीत.

मेटलचा नादही त्यानेच लावला. आम्ही चौघं आहोत: दादा, मी, भूमिती शिकवणारे मास्तर आणि बेकरीवाला. चौघांची वयं मिळवली तर दोनशेच्या वर भरतील. आम्हाला आवडतं ते प्रोग्रेसिव्ह मेटल, म्हणजे वीस-वीस मिनिटांची गाणी, सात मात्रांवरून अचानक अकरावर उडी मारणारे ताल आणि भिंत अंगावर यावी तशा गिटारी. आई एकदा दारात उभी राहून पाच मिनिटं ऐकत होती. मग म्हणाली, "संपलं की सांगा, मग जेवायला वाढते. भांडण चालू असताना मी वाढत नाही."

आमचा एक नियम आहे. नवा अल्बम आला की तो दहा वेळा ऐकायचा. दहा होईपर्यंत दुसरं काही ऐकायचं नाही आणि वाईट तर बोलायचंच नाही. कारण असं संगीत पहिल्या फेरीत डोक्यावरून जातं, चौथ्या फेरीत कानात शिरतं आणि सातव्या-आठव्या फेरीला कधीतरी एकदम दार उघडतं. नियम दादाचा. वीस वर्षांत तो कधी चुकला नव्हता.

तर यंदा तो अल्बम आला. सहा वर्षं सगळे ज्याची वाट पाहत होते तो. एक पाणबुड्या समुद्रात खाली खाली जातो, एवढीच गोष्ट, सात गाण्यांत. चौथं गाणं बावीस मिनिटांचं. जगभरच्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात दहा फेऱ्या संपवल्या आणि मला फोन केला. साठीच्या माणसाचा आवाज कापत होता. "ताई, चौथ्या गाण्यात सतरा मात्रांचं चक्र आहे आणि ते बरोबर एकोणिसाव्या मिनिटाला पहिल्या गाण्याच्या तेराच्या चक्राला येऊन मिळतं. मी कागदावर मांडून पाहिलं. मला रडू आलं हो."

मीही पहिली फेरी ऐकली होती. दादाच्या दुकानामागच्या खोलीत, त्याने स्वतः बांधलेल्या मोठ्या खोक्यांवर. माझ्या घराच्या भिंती पापडाएवढ्या, शेजारचे शिंकले तर मी 'जपा' म्हणते, त्यामुळे माझं सगळं ऐकणं तिथेच चालतं. आणि हेडफोनची मला चीड आहे. तीही दादाकडून आलेली. खोकी असताना कानात बोळे कशाला, म्हणतो तो.

त्या खोलीत दोन खोक्यांच्या बरोबर मध्ये एक खुर्ची आहे. लाकडी, हात झिजलेले, बसायच्या जागी चामड्याला चीर. ती दादाची. तिथे दुसरं कुणी बसत नाही, वहिनीसुद्धा नाही. मोठा अल्बम यायचा असला की दादा आधी सगळ्या तारा बदलतो, टोकं घासतो, खोकी पुसतो. तसं यंदाही केलं होतं. मी गेले तेव्हा तो म्हणाला, "बारके, यावेळी मधल्या खुर्चीत तू बस."

"मी? आणि तू?"

"मी बसतो इथे." आणि तो उजव्या खोक्याला खेटून, स्टुलावर बसला, खोक्याकडे कान करून. "तुझ्याही नशिबी येऊ दे की एकदा."

मला इतकं भरून आलं की मी चिरेवरून हात फिरवत बसले. दादाने आपली जागा मला दिली होती. आता अल्बम आवडला नाही तर मी कसली बहीण!

आणि मला तो आवडला नाही. काहीच लागलं नाही. गिटारी होत्या, ताल होते, गाणारा होता, पण सगळं कसं खोलीभर पांगलेलं. पाणबुड्या खाली जातो म्हणे. मला तर तो गुडघाभर पाण्यात चालतोय असं वाटत होतं. तळच नव्हता. बावीस मिनिटांत मी तीनदा घड्याळ पाहिलं. आणि दादा मात्र स्टुलावर डोळे मिटून डोलत होता. शेवटी त्याने विचारलं, "कसा?"

मी म्हटलं, "थोर."

दुसऱ्या फेरीनंतर म्हटलं, "काय बोलू दादा, थोरच." तिसऱ्या फेरीला मी हुंकार दिले. चौथ्याला मास्तरांचा कागद समोर धरून मात्रा मोजल्या. सगळ्या जागच्या जागी होत्या आणि तरी गाणं मेलेलं. सहाव्या फेरीनंतर मी घरी येऊन आरशासमोर उभी राहिले आणि स्वतःला विचारलं, बाई, तुझं वय झालं का? ज्या गोष्टीने सोळाव्या वर्षी अंगावर काटा यायचा ती गोष्ट आता मला सोडून गेली की काय? हे मला खरंच फार लागलं. नवरा-मुलं नसलेल्या बाईकडे लोक जसे बघतात ते मी हसून सोडून देते, कारण माझ्याकडे ती खोली होती, आम्ही चौघं होतो, महिन्या-दोन महिन्यांनी उघडणारं ते दार होतं. ते बंद झालं तर माझ्याजवळ कवळ्या उरतात.

रविवारी चौघं जमलो तेव्हा चहा पिताना दादा म्हणाला, "एकोणिसाव्या मिनिटाची ती टकटक! पाणबुड्या हवेच्या नळीवर ठोकतो, तीनदा, आणि वरून उत्तरच येत नाही. पुन्हा ठोकतो, नाही. उत्तर न येणं एवढं कुणी कधी वाजवलं होतं का?"

मास्तर म्हणाले, "उत्तर येतं की हो. प्रत्येक वेळी."

"काहीतरीच. नाही येत."

"दादासाहेब, मी बारा वेळा ऐकलंय. डावीकडून येतं."

दादा हसला. "मास्तर, तुम्ही भूमिती ऐकता, आम्ही गाणं ऐकतो." सगळे हसले. मीही हसले, कारण मला दोन्ही टकटक खोलीत कुठेतरी ऐकू आल्या होत्या आणि कुठली कुणाची हे विचारलं असतं तर माझं पितळ उघडं पडलं असतं.

नऊ फेऱ्या झाल्या. दहावी मी मुद्दाम लांबवत होते. अशात एका सकाळी कामावर जाताना पाव घ्यायला बेकरीत शिरले. बेकरीवाला मागे भट्टीपाशी होता. तिथे एक जुनाट रेडिओ असतो, एकाच स्पीकरचा, पिठाने पांढरा झालेला. त्याला मोबाईल जोडून त्याने काहीतरी लावलं होतं. माझा पावाकडे गेलेला हात तसाच राहिला.

काहीतरी खाली जात होतं. संथ, जड, पायरी पायरीने, आणि त्या जडपणावर एक माणूस असा गात होता जणू तो माझ्या समोर, हातभर अंतरावर उभा आहे. एवढ्याशा फाटक्या रेडिओतून. माझ्या दंडावरचे केस उभे राहिले. देवा, म्हटलं, मी अजून मेलेली नाही.

"काय लावलंय हो हे?" मी ओरडले.

बेकरीवाला फडक्याला हात पुसत बाहेर आला आणि माझ्याकडे बघतच राहिला. "ताई, चेष्टा करता का? चौथं गाणं. तुम्हीच नाही का रविवारी थोर थोर म्हणत होतात?"

एका फाटक्या स्पीकरवर जे समोर उभं राहतं ते दादाच्या दोन खोक्यांवर पांगतं, म्हणजे दोष गाण्यात नव्हता, माझ्यातही नव्हता. पाव तिथेच ठेवला, डॉक्टरीणबाईंना उशीर होईल म्हणून कळवलं आणि तडक दुकान गाठलं. दादा पुढे एका गिऱ्हाइकाशी बोलत होता. मी मागे गेले, वीज बंद केली आणि डाव्या खोक्यामागे गुडघ्यांवर बसले.

इथे दादाची एक पद्धत सांगायला हवी. नव्या तारेचे दोन्ही पदर सारखेच दिसतात, फक्त एकावर बारीक उभी रेघ असते. बाकीचे लोक ती रेघ शोधतात. दादा शोधत नाही. तो अंधारात हात घालून तारा जोडतो, मधल्या खुर्चीत बसतो, कुणाचा तरी आवाज लावतो आणि एका क्षणात सांगतो, उलटं की सुलटं. "डोळ्यांनी तपासायचं तर कान दिलेत कशाला?" ही त्याची मिजास. आणि ती मिजास त्याला शोभायची.

उजव्या खोक्याला रेघेचा पदर लाल खिळीत होता. डाव्या खोक्याला काळ्या खिळीत. म्हणजे एक खोका हवा ढकलत होता तेव्हा दुसरा ओढत होता, आणि दोघांच्या मध्ये खर्ज आणि गाणारा पुसले जात होते.

मी तार काढली, फिरवली, घट्ट केली. मधल्या खुर्चीत बसले. चौथं गाणं लावलं.

कसं सांगू? समोरची भिंत गेली. गाणारा बरोबर मध्ये, माझ्या समोर उभा राहिला, त्याचा श्वास घेतलेला मला कळला. आणि त्याच्या पायाखाली समुद्र उघडला. खर्जाची गिटार खालून आली ती कानात नाही, खुर्चीच्या लाकडातून माझ्या मणक्यात आली. तो खाली जात होता आणि खाली अजून खाली होतं. नऊ वेळा मी हे ऐकलं होतं आणि एकदाही ऐकलं नव्हतं. सतरा आणि तेराची चक्रं एकमेकांत जाऊन बसली तेव्हा मी दोन्ही हातांनी खुर्ची धरून ठेवली होती आणि माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं. इतकी मोठी गोष्ट माणसं बनवतात! चार-पाच माणसं एका खोलीत बसतात आणि हे बनवतात! एकोणिसाव्या मिनिटाला उजवीकडून तीनदा टकटक झाली. आणि डावीकडून, अगदी हळू, तीनदा उत्तर आलं.

डावीकडून.

मला मास्तरांचं बोलणं आठवलं, मग दादाचं. मग ते स्टूल. सभागृहाच्या दारातून उलटी तार ओळखणारा माणूस तीन आठवडे या खोलीत, आपल्याच हाताने उलट्या जोडलेल्या खोक्यांपाशी डोळे मिटून डोलत होता.

मी बाहेर आले. गिऱ्हाईक गेलं होतं. दादा वाकून एका पडद्याला गोंद लावत होता, पाठ माझ्याकडे. मी त्याच्या डाव्या बाजूला, वीतभर अंतरावर उभी राहिले आणि हळूच म्हटलं, "दादा, दुकान पेटलंय."

तो गोंद लावत राहिला.

मी उजवीकडे गेले. "दादा."

"आँ? कधी आलीस गं?"

"कधीपासून ऐकू येत नाही?"

त्याने ब्रश डबीत ठेवला. झाकण लावलं, तेही नीट फिरवून. "अल्बम यायच्या दोन दिवस आधी," तो म्हणाला. "सकाळी उठलो तर डावीकडे शिट्टी वाजत होती. मग शिट्टीही गेली. म्हटलं मळ असेल, जाईल निघून."

"आणि वहिनीला?"

"कुणालाच नाही. बारके, मी कान विकतो. कोण येईल माझ्याकडे?"

"मग खुर्ची मला का दिलीस?"

"तिथे बसलो असतो तर मला कळलं असतं," तो म्हणाला. "एका बाजूने बसलं की चालून जातं."

तासाभरात आम्ही कानाच्या डॉक्टरांकडे होतो. वहिनी रस्ताभर त्याच्या डाव्या बाजूने चालत होती. दादाला काचेच्या खोलीत बसवून त्यांनी आवाज सोडले, कागदावर दोन रेघा काढल्या. एक वर, एक पार खाली. कधी झालं, त्यांनी विचारलं. एकवीस दिवस. "असं एकाएकी गेलेलं ऐकू येणं पुष्कळदा परत येतं," ते म्हणाले. "पण त्यासाठी पहिल्या दोन आठवड्यांत इथे यावं लागतं. तीन-चार दिवसांत आला असतात तर फारच बरं. आता औषध देऊन बघू."

मी मनात दिवस मोजले. पहिली फेरी, अल्बम आला त्या संध्याकाळी. ती झाली तेव्हा दोन दिवस झाले होते. फक्त दोन. त्याने विचारलं होतं, कसा? आणि मी एवढंच म्हटलं असतं की दादा, पोकळ वाटतोय, गाणारा जागेवर नाही, तर तो उठला असता, तारा बघितल्या असत्या आणि त्याला मान्य करावं लागलं असतं. आयुष्यभर लोकांना टोचतंय ते सांगा म्हणून ओरडणारी मी. मला टोचत होतं आणि मी छान बसली म्हणाले.

औषध झालं, सुयाही झाल्या. महिन्याने पुन्हा कागदावर दोन रेघा काढल्या. खालची रेघ खालीच होती.

त्या रविवारी दुपारी मी दादाला मागच्या खोलीत नेलं आणि सगळं सांगून टाकलं. नऊ फेऱ्यांतलं प्रत्येक खोटं, घड्याळ बघितलेलं, मास्तरांचा कागद, आणि दोन दिवस. मला वाटलं तो चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

"नऊ वेळा?" तो म्हणाला. "नऊ वेळा तू त्या उलट्या तारेत बसलीस? बावीस मिनिटं?" आणि तो हसायला लागला, इतका की त्याला स्टुलाचा आधार घ्यावा लागला. मग डोळे पुसत म्हणाला, "तू खोटं बोललीस ते माझ्यासाठी. मी बोललो ते स्वतःसाठी. मग जास्त कुणाला टोचायला हवं?"

मी त्याचा दंड धरला आणि त्याला मधल्या खुर्चीत बसवलं. "नको," तो म्हणाला. "तिथे आता काय आहे?" पण उठला नाही. त्याने चामड्याची चीर चाचपली.

मी चौथं गाणं लावलं आणि त्याच्या मागे, डाव्या बाजूला उभी राहिले. समुद्र उघडला. माझ्या पायाखालची फरशी थरथरत होती, म्हणजे ती त्याच्याही पायाखाली थरथरत असणार. त्याने चप्पल काढली आणि तळवे फरशीवर टेकवले. उजव्या कानाने आणि दोन्ही पायांनी तो ऐकत होता. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. अर्धंच ऐकू येणारा हा माणूस माझ्याहून जास्त ऐकत होता, माझी खात्री आहे.

एकोणिसाव्या मिनिटाला उजवीकडून टकटक झाली. तीनदा. दादाने श्वास धरला.

डावीकडून उत्तर आलं तेव्हा मी त्याच्या डाव्या खांद्यावर बोटाने ठोकलं. तीनदा, अगदी हळू, बरोबर त्या उत्तराच्या वेळेवर.

तो दचकला. पाणबुड्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा उत्तर दिलं.

"येतं?" त्याने विचारलं. मान वळवली नाही, डोळे मिटलेलेच. "दर वेळी येतं?"

त्याच्या उजव्या कानाशी वाकून मी म्हटलं, "दर वेळी."

"मास्तरांना फोन लाव," तो म्हणाला. "नको, थांब. आधी हे संपू दे." आणि त्याने हात वर करून खांद्यावरचा माझा हात तिथेच धरून ठेवला, कारण तिसरी टकटक अजून व्हायची होती.